थोरलीचं घड्याळ

२५ ऑगस्ट

पोचले एकदाची धामणमाळला! पाटोद्याहून फाट्यापर्यंत वडाप जीप आणि फाट्यावरून वस्तीवरच्या तात्याबांची मोटारसायकल. पुढे तात्याबा, मधे दुधाचं कॅन, मागे मी आणि मांडीवर माझी बॅग. तात्याबा सत्तरीला टेकलेत, पण गाडी अशी हाणतात की खड्डा आला की कॅन, बॅग आणि मी एकदमच हवेत.

खोली बघून जीव हरखला. पत्र्याची आहे, दुपारी तापते, पण माझी एकटीची आहे आणि आतून कडी लागते. गेवराईला दादाच्या घरात माझी जागा म्हणजे हॉलमधली गादी. पाहुणा आला की गादी उचलायची आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात. सव्वीस वर्षांची घोडी झाले तरी सगळ्यांचा टीव्ही संपेपर्यंत पाय पसरायची सोय नव्हती. घरमालकीण विमलबाईंनी विचारलं की एकटीला भ्या न्हाई का वाटायचं. मी म्हटलं, एकटीनं राहायलाच तर आलेय.

काम शेळ्यांचं. आमच्या संस्थेचा शेळीपालन प्रकल्प आहे. वस्तीवरच्या शेळ्यांना लसी टोचायच्या, जंताचं औषध पाजायचं, कानाला बिल्ले मारायचे, करडांची वजनं घ्यायची. पहिला महिना हजेरी चोख भरली तर नेमणूक पक्की. नाही भरली तर परत गेवराई आणि ती गादी. हजेरी घेतं मनगटावरचं घड्याळ. संस्थेनंच सगळ्यांना दिलंय. त्याला कातडी लागली, नाडी लागली आणि पावलं पडत राहिली तर मी हजर. काढून ठेवलं की गैरहजर. पाटोद्याचे आमचे समन्वयक परमेश्वर सर ते बांधताना म्हणाले होते की माणूस खोटं बोलतो, घड्याळ बोलत नाही. मोठे तत्त्वज्ञ!

२८ ऑगस्ट

वस्ती आवडली. काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या, लांब कान, तकतकीत अंग. माझं नाव इथं कुणाच्या तोंडात बसत नाही. तात्याबांची मालकीण साखराबाई यांनी पहिल्याच दिवशी प्रियदर्शनीचं 'दर्शनी' करून टाकलं. दोघा नवरा-बायकोचाच कळप सगळ्यात मोठा, आणि वस्तीत शब्द चालतो तो साखराबाईंचा. तात्याबांचं काम हसायचं आणि हसवायचं.

एक लिहून ठेवायला हवं. मला किळस फार लवकर येते. दादा चिडवतो की जनावरांची पदविका घेतलीस आणि दुधावरची साय बघून ओकारी काढतेस. शेण, लेंड्या, व्यायल्यावर पडणारा जार यांचं मला काही नाही, ते काम आहे. पण चिकट, बुळबुळीत, चोखणारं काही अंगाला लागलं की माझं संपलं. आज एका करडाने बोट चोखलं, तर मी तीनदा साबण लावला आणि साखराबाई पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

३१ ऑगस्ट, रविवार

आज जे पाहिलं ते लिहितानाही अंगावर काटा येतोय.

इथं एक म्हातारी शेळी आहे. तिला थोरली म्हणतात. तिला दावं नाही, ती विकायची नाही, कापायची नाही. देवाच्या नावानं सोडलेली. गळ्यात कवड्यांचा चामडी पट्टा. रविवार खंडोबाचा, म्हणून रविवारी सगळ्या बायका आपापल्या शेळ्यांचे गोचीड वेचतात. मारत नाहीत. एरंडाच्या पानावर गोळा करतात आणि पान नेऊन थोरलीच्या पाठीवर उपडं करतात. गोचीड सरसर तिच्या केसांत शिरतात.

मी जवळ जाऊन पाहिलं ही माझी चूक. तिच्या कानात गोचीड एकावर एक बसलेत. शेपटीखाली, काखेत, डोळ्याच्या कडेला. टम्म, राखाडी, एरंडाच्या बियांएवढे. एका पुढच्या पायाचे केस त्यांनी पार खाल्लेत, तिथं नुसतं उघडं कातडं राहिलंय. मी लगेच फवारणीचं औषध काढलं, तर साखराबाईंनी बाटलीच धरली. त्यांचं म्हणणं असं की गोचिडाच्या पोटातलं रक्त आपल्याच कळपाचं हाय, ते सांडायचं न्हाई. थोरली सगळ्यांचं आपल्या अंगावर घेती म्हणून बाकीचा कळप धड हाय. ती मेली की तिच्या गळ्यातला पट्टा दुसरीला बांधायचा. मग ती थोरली, आणि गोचीड आपोआप तिच्याकडे जातात.

आपोआप कसे जातील, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तिच्या अंगावरचं हिच्या अंगावर आलं, आता आनिक काय पायजे. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली.

२ सप्टेंबर

सकाळी घड्याळावर अपडेट आलं. नको म्हणायची सोयच नव्हती; वरून आलंय म्हणे, सगळ्यांना आलंय. झालं आणि घड्याळाचं डोकं फिरलं. आत्तापर्यंत चार्जिंग तीन दिवस सहज पुरायचं. आज सकाळी पूर्ण भरून निघाले आणि जेवायच्या आत घड्याळ मेलं. अर्धा दिवस गैरहजर. बरं, मनगटावर असताना चार्ज होत नाही आणि माळावर वीज कुठली! पाठीमागचा तो हिरवा दिवा आता सारखाच जळत असतो, आणि घड्याळ तापतं.

४ सप्टेंबर

पुन्हा तेच. मदतकेंद्राला फोन केला. त्या मुलीनं बंद करून चालू करायला सांगितलं, ब्लूटूथ काढायला सांगितलं, उजेड कमी करायला सांगितला. सगळं करून झालं. शेवटी म्हणाली की अपडेटनंतर ते नाडी सतत शोधत राहतं, तुमची त्याला सापडत नसावी, म्हणून बॅटरी खातंय. मी जिवंत आहे हो, म्हटलं. परमेश्वर सरांना फोन केला तर ते म्हणाले की बाकी कुणाची तक्रार नाही, हजेरी मात्र तुमची खाली चाललीय. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मनगट बघवत नाही. पट्ट्याखाली घाम साठून कातडी पांढरी, ओली, फुगलेली. त्यावर पुळ्या. घड्याळ उचललं की खाली पिठासारखा मळाचा थर, आणि वास? ताकाचं फडकं आठवडाभर न धुता ठेवलं तर येईल तसा. माझ्या स्वतःच्या हाताचा मला वास येतोय. शी!

६ सप्टेंबर

पुळ्या फुटल्या. घड्याळ ठेवावं तर पू चिकटतो, काढावं तर नोकरी जाते. तात्याबांपाशी रडगाणं गायले तर ते खो खो हसले. "म्याडम, त्याला पावलंच पायजेत न्हवं? मग शेळीच्या पायात बांदा की. तुमच्यापरीस लई हिंडती ती!"

मीही हसले. मग हसता हसता दोघंही कळपाकडे बघायला लागलो, कारण कल्पना वाईट नव्हती. एका धष्टपुष्ट शेळीला बांधून पाहिलं. केसांमुळे नाडी लागेना. दुसरीलाही तेच. उघडं कातडं कळपात एकीचंच होतं. तात्याबांनी थोरलीला धरलं, पुढच्या उजव्या पायात पट्टा आवळला आणि घड्याळाला लगेच नाडी सापडली. वरून त्यांनी फडक्याची पट्टी बांधली, जखम झाल्यासारखी. साखराबाई नारायणगडाला गेल्या होत्या, म्हणून बरं. नाहीतर आम्हा दोघांची धडगत नव्हती.

८ सप्टेंबर

थोरली जिंदाबाद! दिवसभर हिंडते, वस्तीतच असते, आणि घड्याळ म्हणतं की प्रियदर्शनी अगदी मन लावून काम करते. नवल म्हणजे तिच्या पायात बॅटरी उतरतच नाही. पहिल्या दिवशी बांधलं तेव्हा अर्धी होती, तर आज जास्तच दिसली. मी चार्ज केलेलं नाही. तात्याबांनी केलं का, तर त्यांना बटणही माहीत नाही. असो. धर्माच्या गायीचे दात कशाला मोजा! मनगटावर हळद लावून फिरतेय, पुळ्या सुकायला लागल्यात.

११ सप्टेंबर

परमेश्वर सरांचा सकाळी फोन. या आठवड्यात तालुक्यात सगळ्यात चांगली हजेरी माझी, म्हणून फोटो काढायला लगेच येतोय म्हणाले. धावत थोरलीकडे गेले. घड्याळ सोडवलं तर खाली एक गोचीड चेपून बसलेला, फुटलेला. त्याचं काळपट रक्त हिरव्या दिव्यावर वाळलं होतं. मी ओकले. मग स्पिरिटने घासलं, उकळत्या पाण्यात कापूस बुडवून पुसलं, परत स्पिरिट. डोळे मिटून मनगटावर बांधलं.

सर आले, फोटो काढला, चहा पिऊन गेले. आता फक्त हा महिना निभावला की खोली माझी. सुटलं एकदाचं.

१२ सप्टेंबर

घड्याळ दुरुस्त झालंय! काल बांधलं ते काढलंच नाही, आणि बॅटरी पूर्ण भरलेली. संध्याकाळपर्यंत एक टक्काही उतरली नाही. तापत नाही, टोचत नाही. मला मात्र दिवसभर मरगळ आहे. करडू उचललं तर डोळ्यांपुढे अंधारी आली. नाडी शंभरच्या वर दाखवतंय. मनगट सोडून बाकी सगळ्या अंगाला खाज सुटलीय. उन्हाची असेल.

१३ सप्टेंबर

आंघोळ करताना कानामागे फोड लागला. आरशात पाहिलं. फोडाला पाय होते.

चिमट्याने काढला, जाळला, आणि सगळी खोली झाडली. उशीच्या अभ्र्यात तीन. चपलेत एक, तो पायाखाली आला आणि फुटला. टाचेला ओलं लागलं तेव्हा कळलं. कंगव्यात होते. दाराच्या फटीतून आत येताना एक दिसला, आणि त्याच्या मागे आणखी. फवारणीचं सगळं औषध उंबऱ्यावर ओतलं. ते औषधातून चालत आले.

जेवण गेलं नाही. भाकरीवरचे तीळसुद्धा निरखून पाहिले.

१४ सप्टेंबर, रविवार



बायका नेहमीसारख्या गोचीड वेचून बसल्या होत्या. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बाजेपाशी उभी होते. थोरली आज वेगळीच दिसत होती. कान स्वच्छ, डोळे स्वच्छ, पायावर बारीक काळे केस फुटलेले. साखराबाईंनी पहिलं पान तिच्या पाठीवर उपडं केलं.

गोचीड थांबले नाहीत. तिच्या पायांवरून उतरले, धुळीत आले आणि माझ्याकडे निघाले. दुसरं पान, तेच. मुंग्यांची रांग असते तशी रांग. मी बाजेवर चढले तर ते बाजेच्या खुरांवरून वर यायला लागले. मी ओरडत होते आणि एवढ्या बायकांमधली एकही हसली नाही.

साखराबाईंनी माझा हात धरून घड्याळ पाहिलं आणि विचारलं, हे कुणाच्या अंगावर होतं. तात्याबा जमिनीकडे बघत होते. मीच सांगितलं. त्यांनी हात सोडला. मग त्या खाली वाकल्या आणि माझ्या पाया पडल्या. माझ्या आईच्या वयाची बाई!

त्यांच्या मागोमाग बाकीच्याही.

१५ सप्टेंबर

तात्याबा सकाळी दाराबाहेर उभं राहून बोलले. आत येईनात. म्हणाले, पट्टा गळ्यातला असतो, ह्यो पायातला, त्यात सरकारी. ध्यानातच न्हाई आलं. त्यांना वाटतं जगातली प्रत्येक वस्तू सरकारी आहे. रडत होते बिचारे. राग आला आणि त्यांची कीवही आली.

मी विचारलं, उतरवायचं कसं. त्यांना ठाऊक नाही. जितीच्या अंगावरून पट्टा आजवर कुणी काढलाच न्हवता. मग मीच डोकं चालवलं. थोरलीकडून माझ्याकडे आलं, तर माझ्याकडून तिच्याकडे जाईल. घड्याळ काढायचं आणि तिला बांधायचं. त्यात काय!

पट्ट्याची पकड सुटली. घड्याळ निघालं नाही. पट्टा दोन्हीकडे लोंबतोय आणि मधली तबकडी मनगटाला धरून आहे. ओढली की दात ओढल्यासारखी कळ येते, खांद्यापर्यंत.

१६ सप्टेंबर

खोबरेल लावलं. रॉकेल लावलं. गोचीड कधी हिसका देऊन ओढू नये, हे पदविकेत पहिल्या वर्षी शिकवलं होतं. धड हातात येतं, तोंड आत राहतं. हे मी शेळ्यांच्या मालकांना शिकवायला आलेय.

कडेने कातडी वर चढलीय. नखाने उचकटली तर खालून पातळ, पिवळं काही आलं. तोच वास. तोंडात पण तोच वास येतोय.

विमलबाई आता स्वयंपाकघरात घेत नाहीत. भाकरी उंबऱ्यावर ठेवतात, हात जोडतात. ताट परत नेत नाहीत. मी त्यांना म्हटलं की मला दवाखान्यात न्या. त्या म्हणाल्या, येवडी घाई कावून, वस्तीतली जनावरं आता कुटं सुखी झाल्यात, दूध वाढलंय.

१७ सप्टेंबर

ओढलं. तोंडात फडकं धरलं आणि होता तेवढा जोर—लोंबता पट्टा दाराच्या कडीला अडकवून—

वरचं निघालं. काच, पट्टा, वरची डबी. आत तारा, चकत्या काही नाहीत. घट्ट काळा गाळ आहे, यकृताचा तुकडा असावा तसा, आणि तो हलतोय.

खालची तबकडी हातातच आहे. कातडी तिच्यावर बंद झाली. कातडीखाली हिरवा दिवा लागतोय, विझतोय. भर उन्हात दिसतो.

निघालेली डबी नेऊन थोरलीला बांधायला गेले. ती पळाली. तिसऱ्या वेळी तात्याबांनी धरून बांधली. काही झालं नाही. गोचीड माझ्याच मागे परत खोलीपर्यंत आले. मोबाइलवर पाहिलं: घड्याळ जोडलेलं आहे. बॅटरी पूर्ण. मी हजर.

१८ सप्टेंबर

फाट्यावरून जीप पकडली. पाटोद्याला डॉक्टरकडे. ओढणीने सगळं झाकलं होतं.

अर्ध्या वाटेत खाज. एवढी की दातांनी दंड चावला. शेजारच्या बाईच्या पांढऱ्या साडीवर माझ्या बाहीतून एक उतरला, मग दोन, मग—ती किंचाळली. सगळे सरकले. ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि मला उतरवलं. कुणी शिवी दिली नाही, फक्त नाकाला रुमाल लावले. मीही त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

पाटोद्याकडे चालायला लागले तर खाज वाढत होती. वस्तीकडे तोंड केलं की कमी. मी रडत रडत परत आले.

पाय मीच उचलले. कुणी ओढलं नाही मला.

१९ सप्टेंबर

दादाला फोन केला. पहिल्यांदा हरले म्हणून सांगितलं. ने मला, म्हटलं, नोकरी नको, खोली नको, गादी टाक हॉलमध्ये. फोन वहिनीने घेतला. ती म्हणाली, गादी कशाला, आम्ही आतल्या खोलीत तुमची सोय करतो, तुम्ही या. मी तिला आयुष्यभर नावं ठेवली.

दादा रविवारी सकाळी येतो. मोटारसायकल घेऊन. परवा.

तोपर्यंत आंघोळ नाही. पाणी ओतलं की ते आणखी घट्ट धरतात.

२० सप्टेंबर

संस्थेचा संदेश आला. अभिनंदन, महिना भरायच्या आधीच नेमणूक पक्की. गेले दोन आठवडे शंभर टक्के हजेरी.

काखेत मोजायचं सोडून दिलं. पापणीत एक आहे. डोळा मिटला की टोचतो, उघडला की हलतो.

एक गोष्ट कुणाला सांगणार नाही, दादालाही नाही. नवा चढला, दात रोवला, की तेवढ्या जागची खाज थांबते. गार वाटतं. बरं वाटतं. आज दुपारी एक भिंतीवरून येत होता आणि मी—मी हात भिंतीला लावून ठेवला.

शी. शी. शी.

उद्या दादा.

२१ सप्टेंबर, रविवार

उजाडल्यापासून बायका अंगणात. रांगेत. प्रत्येकीच्या हातात एरंडाचं पान. दार लावलंय. कडी आतून. दादा येईपर्यंत उघडायचं नाही.

खाज. सगळीकडे. हाडात.

गाडीचा आवाज आला. दादाचीच आहे. त्याचा आवाज ऐकू येतो, तात्याबांशी बोलतोय, साखराबाईंशी. दर्शनी कुठाय विचारत नाही, प्रियू कुठाय विचारतो. आठ-दहा पावलांवर आहे. एक हाक मारली तर—

साखराबाई खिडकीशी आल्या. पान आत धरलंय.

मी हात पुढे केला नाही. मी हात पुढे करणार नाही

केला.

गार. देवा, किती गार. खांद्यापर्यंत खाज गेली. एवढं एक पान होऊ दे, अंग जरा शांत होऊ दे, मग मारते हाक. तो काही लगेच जात नाही.

दुसरं. मान.

विमलबाईंचं पान. त्या बाहेर दादाला सांगतायत की ती कालच गेली, तुमच्याकडंच निगाली म्हनून. मोठ्याने सांगतायत. खोटं आहे. दादा, मी इथं—हे एक होऊ दे—

तिसरं

त्याने गाडीला किक मारली. पुन्हा मारली. आता हाक मारते. दादा. तोंड उघडलं, पण जिभेवर ते—जिभेखाली—आणि इतकं गार वाटतंय की तोंड मिटवावंसं—